शकूताईंची पितळी मूठ

शकूताई गांगुर्डे स्विच कानाला लावून ऐकायच्या. सातपूरच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघी कामाला होतो, तिथे काडेपेटीहून लहान असे मायक्रोस्विच तयार व्हायचे. दाबला की टिक, सोडला की पुन्हा टिक. मोठमोठ्या यंत्रांच्या पोटात बसून ती चालू करायची आणि थांबवायची, एवढंच त्यांचं काम. तपासणीच्या टेबलावर त्यासाठी मीटर होता, तांबडा-हिरवा दिवा होता. पण शकूताई स्विच आधी कानाशी नेत, अंगठ्याने दाबत आणि दिवा लागायच्या आत निकाल देऊन मोकळ्या होत. "हा चांगला. हा चांगला. ह्याची पत्ती मान टाकती, काढ बाजूला." मीटरनं त्यांना खोटं पाडलेलं मी क्वचितच पाहिलं.

सत्तरचं दशक संपता संपता मी तिथे लागले. एकोणीस वर्षांची होते आणि पहिला महिनाभर माझ्या हातून स्प्रिंगा उडून जायच्या. शकूताई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. माहेर विंचूरकडचं. लहानपणी त्या कांद्याची प्रतवारी करायला खळ्यावर जायच्या. "कांदा नुसता हातात घेतला की कळायचं, आतून नासलाय का नाय. स्विचचं तसंच हाय," असं सांगायच्या. काटक बाई, नऊवारी सोडून कारखान्यासाठी पाचवारी नेसायला शिकलेली. घरी रिक्षा चालवणारा नवरा, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. बोलणं कमी, पण दुसऱ्याच्या वाक्याला एक शब्द जोडायची खोड होती. मी म्हणायचे, "ताई, मला नाही जमत." त्या मान वर न करता म्हणायच्या, "अजून." "ताई, बस आली नाही." "अजून." आधी मला राग यायचा. नंतर तो शब्द माझ्याही तोंडात बसला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, एका सकाळी प्रेसवरचा माणूस आला नाही. पितळेच्या पट्ट्या कापायच्या त्या प्रेसवर, तासाभरापुरतं म्हणून, शकूताईंना उभं केलं. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या पुढे एक जाळी असायची. काम भराभर व्हावं म्हणून ती तारेनं वर बांधून ठेवलेली होती, कित्येक महिने. मी पलीकडच्या टेबलावर होते. किंकाळी वगैरे काही ऐकू आली नाही. प्रेसचा ठोका पडला आणि पुढचा पडलाच नाही, म्हणून मी मान वर केली. शकूताईंनी डाव्या हातानं बटण बंद केलं होतं आणि उजव्या हाताकडे बघत उभ्या होत्या.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं, पण तेही ताठ, लाकडासारखं. दवाखान्यात आठव्या-नवव्या दिवशी ऑफिसातून एक माणूस टाइप केलेला कागद घेऊन आला. मी तिथेच बसले होते. शकूताई सातवी शिकलेल्या. त्यांनी कागद डाव्या हातात धरून शेवटपर्यंत वाचला. "'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं लिवलंय. जाळी वर बांधली व्हती, ते कुठंय?" तो माणूस म्हणाला, "बाई, नुसती रीत असते. सही जमत नसेल तर अंगठा द्या." शकूताईंनी पट्ट्या बांधलेला हात छातीशी घेतला. म्हणाल्या, "उरलेला अंगठा मी ह्यासाठी नाय ठेवला."

तो कागद सहीविनाच परत गेला. त्यामुळे दोन महिन्यांनी त्या कामावर रुजू झाल्या तेव्हा ऑफिसातलं कुणी त्यांच्याशी नीट बोलेना. त्यांना पॅकिंगच्या खोलीत झाडू मारायला लावलं. आमचे सुपरवायझर पिंगळे साहेब माणूस वाईट नव्हते, पण घाबरट होते. त्यांनी एकदा हळूच सुचवलं, "गांगुर्डे बाई, राजीनामा दिलात तर सन्मानानं जाल." शकूताई म्हणाल्या, "साहेब, मला तपासणीच्या टेबलावर परत घ्या." त्या टेबलावर डाव्या हातानं स्विच खाचेत बसवायचा आणि उजव्या हातानं तो दाबणारी एक लोखंडी दांडी वर-खाली करायची, दिवसभर. साहेब म्हणाले, "ते आता कसं होणार?" शेवटी शकूताई रोज त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहायला लागल्या, तेव्हा त्यांनी मुदत दिली. दोन महिन्यांनी चाचणी घेऊ. जमलं तर टेबल तुमचं, नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. शकूताई त्या चेंडूवर वैतागायच्या. "दाबला तरी तेच, नाय दाबला तरी तेच. समोरून काय उत्तरच येत नाय."

त्याच सुमारास माझा मोठा भाऊ कुवेतहून सुट्टीवर आला. त्यानं टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला होता. काळ्या डब्यात कॅसेट खुपसायची की पडद्यावर वरून तबकड्या उतरायच्या. हातातल्या छोट्या दांडीनं खालचं विमान डावी-उजवीकडे सरकवायचं आणि गोळ्या झाडायच्या. आमच्या आळीतली निम्मी माणसं तो बघायला येऊन गेली. एका रविवारी शकूताई माझ्याकडे आल्या. त्या दादाच्या हाताकडे एकटक बघत होत्या. त्याचा मनगटापासून नुसता एवढासा हात हलायचा आणि पडद्यावर विमान पळायचं.

"भाऊ, मला द्या जरा."

दांडीची छोटी डबी एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी दांडी फिरवायची होती. दांडी पेन्सिलीएवढी. शकूताईंच्या अंगठ्यातून ती निसटली, डबी मांडीवरून घसरली आणि विमान जागच्या जागी फुटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. दादाला अवघडल्यासारखं झालं. "राहू द्या ताई, हे तुमच्यानं नाही होणार."

"अजून," शकूताई म्हणाल्या. मग दांडी उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "लय बारीक हाय ही. आणि जागेवर ऱ्हात नाय. हिच्यापेक्षा मोठी कुठं असती का?"

दादानं सहज सांगितलं की व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मोठी मशीनं असतात, त्यांच्या दांड्या टेबलालाच पक्क्या बसवलेल्या असतात आणि वर लिंबाएवढा गोळा असतो. आपल्या नाशकातही शालिमारजवळ एक पार्लर निघालंय. शकूताईंनी लगेच विचारलं, "आज उघडं असंल का?"

त्या पार्लरमध्ये पाऊल टाकलं तेव्हा मला पळून जावंसं वाटलं होतं. अंधारी खोली, सिगारेटचा वास, कॉलेजातल्या मुलांचा घोळका आणि दारात आम्ही दोघी पदर खोचून. मालक उठूनच उभा राहिला. त्याला वाटलं कुणाची तरी आई मुलाला शोधायला आली आहे. "कोण पाहिजे?" "कोण नाय. खेळायचंय," शकूताई म्हणाल्या. मुलं हसली. मग त्यांचा हात दिसला आणि हसू थांबलं. ते थांबणं हसण्यापेक्षा जास्त बोचलं मला. शकूताईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी मशीनसमोरचा स्टूल ओढला आणि दांडीच्या गोळ्यावर तळवा ठेवला. बोटं लागतच नव्हती. तळव्याच्या रेट्यानं दांडी सरकत होती. उजवीकडे विमान गेलं. पुन्हा उजवीकडे गेलं. अपघातानंतर पहिल्यांदा मी त्यांना त्या हाताकडे न बघता तो हात वापरताना पाहिलं.

तेवढ्यात त्या थांबल्या. दांडी चारही बाजूंना एकेकदा हलवली, कान खाली नेला.

"तुमचा डावीकडचा स्विच मेलाय," त्या मालकाला म्हणाल्या.

"डावीकडं कधी जातं, कधी नाही, हे खरंय," तो चक्रावून म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तीन बाजूंना टिक म्हणतो, एका बाजूला नाय म्हणत. उघडा, बघू."

का कोण जाणे, त्यानं उघडलं. झाकणाच्या आत दांडीचं खालचं टोक होतं आणि त्याच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच. दांडी ज्या बाजूला टेकेल तो स्विच दाबला जायचा. परदेशी बनावटीचे होते, पण शकूताई माझ्याकडे बघून केवढ्या हसल्या. "मंगल, अगं, हे तर आपलंच काम!" त्यांनी मला सांगितलं तशी मी नखानं पत्ती थोडी वाकवली आणि डावीकडचा टिक परत आला. मालकानं दोन कप चहा मागवला. शकूताईंनी चहा बाजूला ठेवून माझ्याकडून त्या दांडीचं चित्र काढून घेतलं, खालच्या बाजूनं, मापांसकट.

पुढचे आठ दिवस त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. कारखान्याच्या भंगारातले चार स्विच त्यांनी रीतसर चिठ्ठी लिहून, गेटवर दाखवून बाहेर आणले. घरातला एक जाड पाट घेतला. पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या टायरचा तुकडा आणला आणि त्यातून सायकलच्या पंपाची दांडी आरपार घातली. दांडी रेटली की रबर ती परत मधोमध आणायचं. डाव्या हाताच्या बाजूला दाराच्या घंटीचं बटण बसवलं, गोळी झाडायला. राहिला वरचा गोळा. त्यासाठी आम्ही भद्रकालीत तांबटांच्या दुकानी गेलो. शकूताई एकेक पितळी मूठ तळहाताखाली धरून बघायच्या आणि परत ठेवायच्या. ही चपटी, ही टोचती, ही लय गुळगुळीत. तांबट कंटाळला. "बाई, कशावर बसवायचीय? झाकणावर का कपाटाला?"

"विमानाला," शकूताई शांतपणे म्हणाल्या.

त्यांच्या तळव्यात नीट बसेल अशी मूठ शेवटी त्यानं तिथेच घासून दिली.

दादाच्या खेळाची दांडी उघडायची वेळ आली तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "मोडली तर इथं मिळायची नाही." शकूताई म्हणाल्या, "मी उघडते भाऊ, मोडत नाय." आतून सहा तारा निघाल्या. चार दिशांच्या चार, गोळीची एक आणि सगळ्यांना मिळून एक. मी कथलाचे डाग देऊन तारा जोडल्या, कुठली कुठे ते त्या सांगत होत्या. डबा टीव्हीला जोडला. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. शकूताईंनी मुठीवर तळवा ठेवला आणि उजवीकडे रेटलं. विमान डावीकडे गेलं. डावीकडे रेटलं, ते उजवीकडे पळालं. दादाला हसू आवरेना.

शकूताई मात्र हसल्या नाहीत. पाट उलटा करून त्यांनी दांडी सावकाश हलवली. "वरनं उजवीकडं रेटलं की खालचं टोक डावीकडं जातंय. चूक माझी हाय." समोरासमोरच्या तारांची अदलाबदल केली, आणि विमान सांगितल्या बाजूला जाऊ लागलं. दादा कुवेतला परत जाताना तो डबा घरीच ठेवून गेला. "ताईंची परीक्षा होऊ दे," एवढंच म्हणाला.

मग रोजचा नेम सुरू झाला. पहिली पाळी सुटली की त्या माझ्याबरोबर घरी येत. चहाआधी हात गरम पाण्यात धरत आणि पाटासमोर मांडी घालून बसत. पहिले आठ-दहा दिवस त्या खेळात फार हरल्या. खेळ हरण्याचं त्यांना काही नव्हतं. हाताचं होतं. जखमेवरची कातडी नवी होती, ती चिरायची. मुठीवर रक्ताचा डाग दिसला की आई म्हणायची, "शकू, हात सुजलाय, आज नको." त्या कापसाची घडी ठेवून फडकं गुंडाळायच्या आणि पुढे सुरू. एकदा मात्र त्यांनी मूठ सोडून दिली आणि भिंतीला टेकून बसल्या. मी समजूत घालायला गेले. म्हणाल्या, "बोलू नको, मंगल. रडायचं असलं तर मी रडीन. पण खेळ बंद करू नको, चालू ठेव." टीव्हीवर तबकड्या उतरत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि पुढे सरकल्या.

महिन्याभरात फरक दिसायला लागला. मनगट सैल झालं. ते ताठ बोट मुठीभोवती वळायला लागलं. "हा खेळ उलट बोलतो," त्या म्हणायच्या, "म्हणून बरा. मी हळू झाले की मला लगेच मारतो. चेंडू नुसता ऐकून घ्यायचा." पुढे पुढे आमची आई त्यांच्याशी चुरशीनं खेळायला लागली आणि बहुतेक वेळा हरून चिडायला लागली.

चाचणीच्या आठवडाभर आधी शकूताईंनी तपासणीच्या टेबलावरची दांडी नीट बघून ठेवली. तिच्या टोकाला आटे होते. त्या पुन्हा भद्रकालीत गेल्या आणि आपल्या मुठीला आतून तसेच आटे पाडून आणले.

पण चाचणीच्या दिवशी पिंगळे साहेबांनी मूठ बघितली आणि मान हलवली. "कंपनीच्या मशीनला काही लावायचं नाही. आहे तशीच चालवा." शकूताईंनी वाद घातला नाही. त्या बारीक लोखंडी दांडीवर त्यांनी काम सुरू केलं. पंधरा मिनिटं चाललं. मग हाताला घाम आला, दांडी निसटायला लागली आणि एक स्विच खाली पडला, मग दुसरा. सगळ्या बायका काम थांबवून बघत होत्या. साहेब जवळ आले. खरोखर वाईट वाटून म्हणाले, "बाई, मी मुदत दिली होती."

शकूताई उठल्या नाहीत. "तुमच्या दांडीवर झालं, साहेब. आता माझ्या दांडीवर बघा."

"परवानगी लागते त्याला."

"मग घ्या. मी बसते इथंच."

"आणि नाही मिळाली तर?"

"तरी बसते."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघी-चौघी आपोआप उठून शकूताईंच्या मागे जाऊन उभ्या राहिलो होतो. कुणी ठरवलं नव्हतं. ते ऑफिसात गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते टूलरूमच्या सय्यदचाचांना घेऊनच. चाचांनी दांडी पुसली, मूठ फिरवून घट्ट केली आणि हात लावून बघितली. म्हणाले, "माप तो बराबर लिया है, बेटा."

जेवणाच्या सुट्टीनंतर शकूताईंनी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या तासाला थोड्या मागे राहिल्या. दुसऱ्या तासाला आमच्या बरोबरीनं आल्या. पाळी सुटल्याचा भोंगा झाला तेव्हा त्यांचा ट्रे माझ्या ट्रेपेक्षा जास्त भरलेला होता. साहेबांनी तो मोजला आणि शकूताईंच्या नावापुढे तपासणी असं लिहिलं. आम्ही बाहेर पडलो. त्र्यंबक रोडच्या कडेला उभ्या राहून शकूताई उसाचा रस प्यायल्या, ग्लास त्या उजव्या हातात धरून. एक ग्लास संपवून दुसरा मागितला.

पुढे गंमत झाली. शकूताई रजेवर असल्या की बाकीच्या बायका त्यांच्याच जागेवर बसायला भांडायच्या. बारीक दांडीनं आमच्याही बोटांना घट्टे पडायचे, मनगटं दुखायची, पण ते कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. वर्षभरात त्या टेबलावरच्या सगळ्या दांड्यांना मुठी बसल्या. साहेबांनी स्वतः वर लिहून मागवल्या.

शकूताई त्या टेबलावर चार वर्षं राहिल्या. मग त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. ते दशक तेव्हा सरत आलं होतं. थोरली मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटचे दिवस तीच आईजवळ होती.

त्यांच्या स्मरणासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मांडवात आमच्या कारखान्याच्या बायका होत्या, सोसायटीतली माणसं होती. आणि मागच्या बाजूला सात-आठ जण असे बसले होते ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी अंबडहून आलेले, एक तर पार नांदगावहून. त्यांच्यातल्या एकानं हात जोडून नमस्कार केला तेव्हा मला दिसलं, त्याच्या डाव्या हाताला बोटं नव्हती. शेजारच्याचा पंजा अर्धा होता. एका बाईनं हात पदराखाली ठेवला होता.

मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आई जायची ना दवाखान्यात. कुठल्या कारखान्यात कुणाचा हात गेला असं कळलं की सुट्टीच्या दिवशी जायची. तुम्हाला नाही सांगितलं कधी?"

नव्हतं सांगितलं. रोज आठ तास मी त्यांच्या शेजारी बसत होते.

बोलायची वेळ आली तेव्हा तो अंबडचा माणूस उठला. वेल्डर होता. त्याला भाषण करायची सवय नव्हती. माइक नको म्हणाला. "मी खाटेवर पडलेलो होतो," तो म्हणाला. "जो येईल तो रडायचा, नाहीतर देवाचं नाव घ्यायला सांगायचा. ही बाई आली. ओळख ना पाळख. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. पिशवीतून टेप काढली आणि म्हणाली, हात इकडं करा. माझ्या हाताचं माप घेतलं आणि निघून गेली. पुढच्या रविवारी माझ्या हाताला आणि वेल्डिंगच्या टॉर्चला बसेल अशी मूठ घेऊन आली."

तो एवढंच बोलून खाली बसला. मागे बसलेली ती बाई उठली, पुढे आली आणि शकूताईंच्या फोटोला फूल वाहताना तिनं पदराखालचा हात बाहेर काढला.